साडूंची फेलोशिप आणि माझी दाढ

पुणे जिल्ह्यातला सगळ्यात चिवट माणूस कोण, असं मला कुणी विचारलं तर मी डोळे झाकून आमच्या साडूंकडं बोट दाखवीन. बायकोच्या बहिणीचा नवरा निवडायचा अधिकार आपल्याला नसतो, नाहीतर हा माणूस मी घराण्यात येऊच दिला नसता. इतर लोक दातांचे डॉक्टर असतात, हे दातांच्या मुळांचे डॉक्टर. रूट कॅनाल हेच मनुष्यजन्माचं सार्थक अशी त्यांची ठाम समजूत आहे, आणि 'काढून टाका दाढ' हे वाक्य त्यांच्यापुढं उच्चारणं म्हणजे चपला घालून गाभाऱ्यात शिरणं. पिंपळीच्या एका लग्नात नवरदेवाचे चुलते गाल धरून म्हणाले, "उद्या उपटूनच टाकतो." झालं! हातातल्या अक्षता खिशात कोंबून साडूंनी त्यांना मांडवामागं नेलं आणि मोबाईलच्या उजेडात तपासणी सुरू केली. मंगलाष्टकं संपली, सावधान झालं, तरी दोघांचा पत्ता नाही. सासरे विचारायला लागले, "थोरलं जावई कुठं गेलं?" मी म्हणालो, "दाढेत."

इंदापुरात त्यांचा दवाखाना झकास चालला होता. सुखानं चाललेलं कुणाला बघवत नाही म्हणतात, यांना स्वतःचंच बघवलं नाही. चाळिशी ओलांडल्यावर दवाखान्याला कुलूप लावून त्यांनी एका डेंटल कॉलेजात शिकवायची फेलोशिप धरली. वर्षभर पोरांना रूट कॅनाल शिकवायचं, आणि वर्षाअखेर आपल्या हातची एक केस, पेशंटसकट, समितीपुढं उभी करायची. पसंत पडली तर कायमचे मास्तर, नाहीतर नमस्कार. सासऱ्यांनी कपाळाला हात लावला. "चालता दवाखाना सोडून परत कालिजात? मागल्या वक्ताला नापास झाला व्हता का काय?" साडू शांतपणे म्हणाले, "आबा, मी एकटा किती दाढा वाचवणार? पोरं शिकली तर गावोगाव वाचतील." एवढंच त्यांना आयुष्यात हवं होतं, आणि ते ऐकून आम्ही सगळे जोरात हसलो होतो. सगळ्यात जास्त मी.

पोरांना सरावासाठी काढलेले दात लागतात. ते साडू बारामती ते इंदापूर वाटेतल्या दवाखान्यांतून बरण्या भरभरून आणायचे. मेव्हणीनं त्यातली एक बरणी लोणच्याची समजून पाहुण्यांच्या पंगतीत नेली, तेव्हापासून त्यांच्याकडं कुणी लोणचं मागत नाही.

पण खरी करमणूक पेशंटांची. रूट कॅनालला तीन-चार खेपा लागतात, आणि आपल्याकडं पहिल्या खेपेला ठणका थांबला की माणूस पुढची खेप पुढच्या जन्मावर ढकलतो. मग साडू थेट त्याच्या दारात. मोरगावच्या एका तात्यांकडं मीही गंमत बघायला गेलो होतो.

"दुखायचं ऱ्हायलंय डाक्टर, आता कशाला यिऊ?"

"तात्या, वर नुसतं तात्पुरतं सिमेंट लावलंय."

"आमच्या बोअरवरबी तात्पुरतंच झाकण हाय. आठ वर्सं झाली, काय झालं न्हाय."

साडू सरळ ओट्यावर बसले. दोन चहा झाले. तात्या म्हणाले, शेळीला इंजेक्शन द्यायचंय, सवड न्हाय. साडूंनी शेळी धरली, जनावरांच्या डॉक्टरनं टोचली, शेळीनं साडूंच्या पायावर पाय दिला, आणि मग तात्या मुकाट्यानं गाडीवर मागं बसले. मी मात्र घरी येऊन आठवडाभर सगळ्यांना नक्कल करून दाखवली. काय एकेक अडाणी माणसं, वगैरे.

आता माझं शहाणपण ऐका. समितीपुढं दाखवायला साडूंनी माझी दाढ निवडली होती. खालची उजवी, मुळांत चार नळ्या, त्यातली एक अशी वाकडी की पुस्तकात छापावी. तीन खेपांत त्यांनी ती साफ केली, भरली, आणि एक्स-रे खिडकीपाशी धरून दहा पोरांना दाखवला. "पाव्हणं, आता फक्त कॅप राहिली. पुढच्या आठवड्यात या. तोवर त्या बाजूनं ऊस नका खाऊ." पुढच्या आठवड्यात एमआयडीसीतल्या आमच्या डेअरीत तपासणी निघाली. त्याच्या पुढच्या आठवड्यात कंटाळा निघाला. दुखत नव्हतं ना! असे दोन महिने गेले, आणि एका मित्राच्या रानात तोडणी चालू असताना मी ऊस सोलला. उजव्या बाजूनं. काडकन आवाज झाला तो उसाचा नव्हता. दाढ उभी चिरली. साडूंना काय तोंड दाखवणार? बारामतीत एका दवाखान्यात जाऊन गुपचूप काढून टाकली. ते फोन करायचे, "सगळं ठीक ना?" मी म्हणायचो, "एकदम! येतोच कॅपला."

समितीच्या आदल्या दिवशी कॉलेजात गेलो, खुर्चीत बसलो आणि आ केला. दुसरं काही सुचलं नाही. साडूंनी आरसा आत घालून रिकामी जागा तपासली. भोवती पोरं. वाटलं, आता शिव्या देतील. दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

"मुळं अख्खी निघाली का?" त्यांनी विचारलं. मी मान डोलावली. मग ते पोरांकडं वळले. "नळ्या उत्तम भरल्या होत्या. कॅप मी वेळेत बसवली नाही. पेशंटला परत आणायचं काम डॉक्टरचं असतं, लिहून घ्या."

दुसरी एखादी केस दाखवता आली असती. त्यांनी दुसऱ्या दिवशी समितीपुढं माझाच एक्स-रे लावला आणि पुढं काय झालं तेही सांगितलं. जागा दुसऱ्या कुणाला तरी मिळाली. इंदापूरचा दवाखाना पुन्हा उघडला.

त्याच आठवड्यात दोघं आमच्याकडं जेवायला आले. मटण होतं. मला माफी मागायची होती, दोनदा तोंड उघडलं आणि दोनदा घास घातला. मी डावीकडून चावतोय हे त्यांच्या नजरेतून सुटणं शक्यच नव्हतं. बायका आत गेल्यावर ते हळूच म्हणाले, "पाव्हणं, उजवीकडनं चावताना त्रास होतो का हो?"

मी म्हणालो, "नाही."

होतो.