सासूबाईंचे गोट आणि गंधकाचं पाणी

लग्नानंतरच्या पहिल्याच हिवाळ्यात मी सासुरवाडीची चांदी एका सकाळीत काळी केली. (चोरी नाही, रसायनशास्त्र!)

तेव्हा हा सगळा मुलूख एकच चांदा जिल्हा होता. मी नुकताच बी.एस्सी. होऊन मास्तर झालो होतो. सासुरवाडी नागभीडकडच्या खेड्यात. सासऱ्यांचे गुडघे धरले होते, म्हणून त्यांना जंगलातल्या गरम झऱ्यावर न्यायचं ठरलं. छकड्यात सासू-सासरे, बायको आणि मी बसलो, आणि मी सुरू झालो: पावसाचं पाणी खडकाच्या भेगांतून खोल उतरतं, तिथं तापतं, वाटेतले क्षार घेऊन वर येतं. सासऱ्यांचं मत, खाली देवाची चूल आहे. बैलांनी मत दिलं नाही.

झऱ्यावर सडक्या अंड्यांचा वास होता. सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. (वास गंधकाचा आहे, हे मी तातडीनं सांगितलं.)

सासरे पाण्यात बसले. बायकोनं, विमलनं, काठावरून पाण्यात पाय सोडले. बाहेर काढले तेव्हा आमच्या घरून घातलेले चांदीचे तोडे कोळशासारखे झाले होते.

सासूबाई हळूच म्हणाल्या, "जवाईबापू, आमच्या पोरीले कथील घातलं काय तुमच्या घरच्यायनं?"

विमलचे डोळे भरले. मी घाईघाईनं सांगितलं की हे हायड्रोजन सल्फाइडचं काम आहे.

"हा कोन सोनार होय?" सासरे पाण्यातून म्हणाले. "कुठी राह्यते?"

आता प्रयोगाशिवाय गत्यंतर नव्हतं. मी सासूबाईंच्या हातातले माहेरचे चांदीचे गोट मागून घेतले आणि पाण्यात बुडवून ठेवले. तेही काळे पडले. "पाहा, तुमचेही!" मी आनंदानं ओरडलो. माझ्याशिवाय कोणालाच आनंद झाला नाही.

"म्हंजे तुह्या बापानं मले बी फसवलं," सासरे बायकोला म्हणाले. परतीच्या वाटेवर दोघं छकड्यात पाठीला पाठ लावून बसले.

घरी आल्यावर मी चिंच आणि राख घेऊन अंगणात बसलो. थोड्या वेळानं विमलही येऊन बसली. संध्याकाळी तोडे, गोट पुन्हा पांढरेशुभ्र झाले, तेव्हा ती पहिल्यांदा हसली. सासऱ्यांनीही गुडघे हलके वाटून राह्यले म्हणून कबूल केलं.

पुढच्या दिवाळीला गेलो, तर ओसरीवर शेजारणींच्या चांदीचा ढीग. सासूबाई अभिमानानं सांगत होत्या, "आमचे जवाई लई शिकले आहेत. घासतात मस्त."