इर्मेलीबाईंचं लाळेरं

फिनलंडमधल्या कुओपिओ शहराच्या नर्सिंग कॉलेजात शिशुआहाराच्या पेपराचा निकाल लागला की इर्मेलीबाई स्वतःच्या गळ्यात लाळेरं बांधून खुर्चीत बसायच्या. साठीची, करड्या केसांची ही बाई बाळ व्हायची आणि विद्यार्थ्यांनी तिला लापशी भरवायची. बाकीचे प्राध्यापक हसायचे. हसोत बापडे!

एका वर्षी पेपरात पहिली आलेली तूली ऐटीत पुढे आली. थोडं खाऊन बाईंनी तोंड फिरवलं. तूलीचा चमचा मागोमाग गेला. "हा आजीचा घास... हा रेनडिअरचा!" बाईंनी ओठ घट्ट मिटले. लापशी हनुवटीवरून ओघळली, तरी चमचा हटेना.

"बाळानं तोंड फिरवलं तर काय समजायचं?" शेवटी बाईंनी विचारलं.

"पोट भरलंय. थांबायचं," तूलीनं घडाघडा सांगितलं.

"मग आजीचा घास आजीला दे की, बये! माझ्या मागे का लागलीस?"

वर्ग खो-खो हसला.

"आमच्या घरी ताटात अन्न टाकायची पद्धत नाही, बाई," तूली पुटपुटली. मग हळूच तिनं चमचा उरलेल्या लापशीत ठेवून दिला.

बाईंनी हनुवटी पुसली. "पेपरातले मार्क आत्ता कुठे तुझे झाले."