म्हशीची तोंडी परीक्षा

"बाई, तुमच्या पोरांनी माझ्या मेव्हण्याची इज्जत घालवली."

"सर, पोरांनी फक्त म्हस तपासली."

"म्हस मेव्हण्याची, दार माझं. तपासणारे हे कोण?"

"घेणारे तुम्ही होते ना? मंग कोणीतरी तपासायला नको?"

१९९६ साली, भोकरदनजवळच्या एका शाळेत, हेडमास्तर काकासाहेब आणि गिरिजाबाई यांचं हे भांडण प्रार्थनेपासून चालू होतं. टेबलावर एक कागद होता. त्यावर काकासाहेबांची सही झाली की गिरिजाबाईंचा वर्ग बंद आणि त्यातली सात पोरं घरी.

ही सात पोरं चौथीत येऊनही वाचू शकत नव्हती. अक्षरं त्यांच्यापुढं जागा बदलायची, आकडे उलटे उभे राहायचे. या अडचणीला काही नाव असतं हे गावाला ठाऊक नव्हतं; गाव सरळ 'मठ्ठ' म्हणून मोकळं व्हायचं. गिरिजाबाई मूळच्या तीर्थपुरीच्या, वडील बैलबाजारात दलाल. सहीच्या जागी ते अंगठा लावायचे, पण त्यांच्या गळ्यात म्हातारा बैल मारणारा माणूस अजून जन्मला नव्हता. वाचता येत नाही म्हणून विचार करायचं कशाला अडतंय, असं म्हणून बाईंनी बाजाराची ती रीतच वर्गात आणली. कोणी काहीही सांगो, विचारायचं: विकणारा कोण? दात बघितले का? चार पावलं चालवून बघितलं का?

पोरांनी ते फारच मनावर घेतलं. चिंचोका गिळला की पोटात झाड उगवतं, असं कोणीतरी म्हणालं. देवानंदनं तिथल्या तिथं गिळला. आठ दिवस बाकीचे सहा जण रोज सकाळी त्याच्या घशात वाकून बघत होते. नवव्या दिवशी निकाल लागला: "झाड न्हाई. दाढ मातर किडलीय."

आणि मग ती म्हैस आली. काकासाहेबांचं घर शाळेला लागूनच. परतूरहून त्यांचा मेव्हणा कडूबा म्हैस आणि एक रेडकू घेऊन आला, दोन्ही दारात बांधली आणि म्हणाला, "दाजी, आठ लिटरची हाये. खाली रेडकू हाये. डोळे झाकून घ्या."

मधली सुट्टी होती. सातही पोरं गोळा झाली. पुढं अकरा वर्षांची बेबीनंदा.

"मामा, आठ लिटर कोणी मोजलं?"

"मी."

"विकणारा कोण?"

"मीच की."

"मंग काल सांजंला धार काढली का?"

एक वेळची धार चुकवली की कास टच्च दिसते आणि म्हैस जास्त दुधाची वाटते, हे वर्गात शिकवून झालं होतं. कडूबा आभाळाकडं बघायला लागला.

"आन् हे रेडकू तिचंच कशावरून?"

देवानंदनं रेडकू सोडलं. ते जवळ जाताच म्हशीनं शिंग उगारलं, मान वळवली आणि ती मोठ्या मायेनं काकासाहेबांचं धोतर चाटायला लागली.

बेबीनंदा म्हणाली, "रेडकू तिचं न्हाई. चाटण्यावरून बघितलं तर सर तिचे."

कडूबा न जेवता म्हैस घेऊन परत गेला. त्याची बहीण, म्हणजे काकासाहेबांच्या पुष्पाबाई, तेव्हापासून चार दिवस नवऱ्याला बिनमिठाचं वाढत होत्या.

"ह्या पोरांना काही समजत न्हाई," टेबलावरचा कागद पुढं ओढत काकासाहेब म्हणाले, "आन् एक खोली उगाच अडकून पडलीय. म्हणून वर्ग बंद."

"समजत न्हाई तर म्हशीचं कसं समजलं, सर?"

"तेच म्हणून राह्यलो ना मी. नको तितकं समजून राह्यलं त्यांना. पाव्हण्याला असं विचारतं का कोणी? म्हणून बंद." त्यांनी पेनाचं टोपण काढलं.

दारात उभी असलेली बेबीनंदा आत आली. "सर, समजत न्हाई म्हणून बंद, का जास्ती समजतं म्हणून बंद? दोन्ही एकदम कसं बरं होईल?"

"तू आधी वर्गात जा."

"जाते. कोणत्या वर्गात जाऊ?"

गिरिजाबाई घाईघाईनं खिडकीबाहेर बघायला लागल्या. काकासाहेबांनी कागदाकडं बघितलं, पोरीकडं बघितलं, पुन्हा कागदाकडं. मग पेनाला टोपण लावलं, टोपी उचलली आणि कागद तसाच बिनसहीचा ठेवून ते बाहेर निघून गेले.