पाइपातली हवा

तुमसरला मी रोज सकाळी जिथं बसची वाट पाहतो, त्याच्या समोरच्या अंगणात एक म्हातारा आपल्या जुन्या डिझेल गाडीत डोकं घालून उभा असतो. काढलेले नट तो सुपात मांडतो, ज्या क्रमानं काढले त्याच क्रमानं. सुपाला कुणी हात लावलेला त्याला खपत नाही.

एकदा बसला उशीर होता, म्हणून मी पलीकडे जाऊन विचारलं, "काय बिघडलं, काका?"

"पाइपात हवा शिरली जी. हवा शिरली का डिझेल गाडी चालूच नाही होत."

तो इंजिनवरचा छोटा हातपंप दाबत राहिला. सैल केलेल्या नटातून आधी बुडबुडे आले, मग नुसतं डिझेल. त्यानं नट आवळला, चावी फिरवली. गाडी धूर सोडत सुरू झाली. काठीचं एक टोक इंजिनला टेकवून, दुसरं कानाला लावून तो डोळे मिटून ऐकत राहिला.

"झाली की!" मी म्हणालो.

"हळू बोला. चालू झाली का विकतो म्हणते पोरगा. गिऱ्हाईक पाहून ठेवलं हाये त्यानं."

त्यानं गाडी बंद केली आणि तोच नट पान्यानं अर्धा फेरा सैल केला.

घरातून आवाज आला, "बाबा, झाली का चालू?"

"झाली होती रे. पुन्हा हवा घेऊन राहिली. उद्या पाहतो."