मुंबईकडे पाठ केलेला अँटेना

टेमघरच्या आमच्या घरावर तो अँटेना अजून उभा आहे. त्याचा टीव्ही कधीच भंगारात गेला, पण गंजलेला पाईप उपटायला स्लॅबवर चढणार कोण? नवा माणूस घरी आला की वर बघून हटकून म्हणतो, "अहो, उलटा लागलाय की तुमचा." पूर्वी मी त्यावर काहीतरी तिखट बोलायचे. हल्ली चहाचं विचारते.

टीव्ही घेणं सोपं गेलं होतं, अँटेना घेणं अवघड. मुंबईचं टीव्ही केंद्र मावळतीला आणि आमच्या घराच्या त्याच अंगाला डोंगर. धामणकर नाक्यावरच्या दुकानदाराने टेमघर ऐकलं आणि मान हलवली. "बीच में पहाड़ है, ताई. साधा नहीं चलेगा." त्याने दोन अँटेने काढून ठेवले, एक आटोपशीर आणि एक लांबलचक, भरपूर दांड्यांचा. आई म्हणाली लहान बरा, वाऱ्यात टिकेल. बाबा दुकानदाराच्या तोंडाकडे टक लावून बघत होते. त्याचं बोलणं संपल्यावर त्यांनी लांबड्यावर हात ठेवला आणि विषय संपला. त्यांचं सगळं असंच असायचं, कमी बोलायचं आणि करायचं ते करून मोकळं व्हायचं.

सगळ्यांनी लावला होता तसा आम्हीही मुंबईकडे तोंड करून लावला. आवाज आला, अगदी खणखणीत. पडद्यावर मात्र नुसत्या मुंग्या. आम्ही पाईप वाढवला, बूस्टर आणला, गल्लीतल्या प्रत्येक शहाण्याने वर जाऊन एकेकदा अँटेना हलवून बघितला. डोंगर काही जागचा हटला नाही.

आईची तक्रार नव्हती. तिला गाण्यांचं वेड. लग्नाआधीपासून ती कारखान्यात कांड्या भरायची, मागासाठी बाण्याचं सूत गुंडाळून द्यायची. त्या खडखडाटात गाणं कसलं ऐकायला मिळणार? आता तांदूळ निवडता निवडता ती मुंग्यांकडे पाठ करून गाणी ऐकत बसायची, आणि चेहरा असा व्हायचा की तिला हाक मारायला जीव होऊ नये.

बाबा मात्र धुसफुसायचे. "आवाज बरोबर न्हाय ह्याचा."

"अहो, आवाजच तर हाय! चित्र न्हाय."

"तोंडातल्या तोंडात बोलतात मेले. काय कळत न्हाय."

रोज संध्याकाळी हेच. माझं डोकं उठायचं. मी तेव्हा कॉलेजात होते आणि जगातलं सगळं मलाच कळतं अशी माझी खात्री होती. मी दोघांवरही ओरडायचे.

ओरडण्याचं आमच्या घरात कुणाला काही वाटत नसे. बाबा कामतघरला कापडाच्या कारखान्यात लूमवर, म्हणजे यंत्रमागावर होते. कारखान्यात शेजारच्याचं बोलणंही ऐकू येत नाही, म्हणून तिथली माणसं एकमेकांचे ओठ वाचतात, हातांनी बोलतात. ती रीत आमच्या घरीही होती. पाठमोऱ्या माणसाशी बोलायचं नाही, आधी खांद्याला हात लावायचा. समोर यायचं, उजेडात उभं राहायचं, मोठ्याने बोलायचं, हातवारे करायचे. पाहुण्यांना वाटायचं आमचं भांडण चाललंय. इतर घरांत माणसं या खोलीतून त्या खोलीत बोलतात, हे मला मैत्रिणीच्या घरी गेल्यावर कळलं.

एका शुक्रवारी, कारखाने बंद असतात त्या दिवशी, बाबा कुणाला न विचारता वर चढले. मी टीव्हीपाशी होते, आई अंगणात. बाबांनी अँटेना फिरवायला सुरुवात केली, आणि तोही मुंबईकडून थेट उगवतीच्या डोंगरांकडे. आवाज फरफरला आणि बसला.

"गेला!" आई ओरडली. "अहो, आवाज गेला! मागं घ्या!"

ते फिरवतच राहिले.

"अहो, ऐकताय का? मेलं माझं गाणं!"

छे! माणूस ढिम्म. मी रागाने बाहेर जायला वळले आणि पडद्यावर एक बाई उभी राहिली. नाक, डोळे, कपाळावरची टिकली सगळं स्वच्छ. उगवतीच्या डोंगराला आपटून चित्र आमच्याकडे परत येत होतं म्हणे. आवाजाच्या जागी मात्र नुसती घरघर होती, माग चालल्यासारखी.

बाबा खाली आले, पडद्यासमोर बसले आणि त्यांचा चेहरा उजळला. "आता कसं! आता बरोबर आवाज येतोय."

खोलीभर घरघर चालू होती. आत आलेल्या आईने माझ्याकडे बघितलं, मी तिच्याकडे.

आई हळूच त्यांच्या मागे जाऊन उभी राहिली आणि साध्या आवाजात म्हणाली, "चहा टाकू का?" बाबांनी मान वळवली नाही. ती तेच जरा मोठ्याने म्हणाली. पडद्यावरची बाई काहीतरी बोलली आणि बाबा हसले.

इतकी वर्षं ते आमचे ओठ ऐकत होते. मुंग्यांना ओठ नसतात, म्हणून त्यांना टीव्हीचा आवाज बरोबर वाटत नव्हता. घरघर तर त्यांच्या कानात माग बंद असला तरी चालूच असायची. आणि आम्ही दोघी, त्यांच्यासोबत एका ताटात जेवणाऱ्या! दुसऱ्या कुठल्याही घरात हे आठवड्यात कळलं असतं. मला स्वतःची लाज वाटली आणि त्यांची भयंकर दया आली.

मी सांगायला निघाले तर आईने दंड धरला. "काय सांगणार? बहिरे झालात म्हणून? उगाच चालत्या-बोलत्या माणसाला म्हातारा करू नकोस."

"आणि तुझी गाणी?"

"ऐकली की थोडी. त्यांना आज पहिल्यांदा टीव्ही ऐकू आलाय."

नाक्यावरचा दुकानदार स्वतः येऊन अँटेना सरळ करून द्यायला तयार होता. आईने त्याला अंगणातूनच परत पाठवलं. अँटेनाला हात लावायचा नाही, बस्स.

मग आमच्या घरात मुका टीव्ही सुरू झाला. मालिका लागली की आई विचारायची, "काय म्हणाला हो तो?" बाबा सांगायचे. अर्धं ओठांवरून, अर्धं त्यांच्या मनाचं. सासू काय म्हणाली, सुनेने काय उत्तर दिलं, सगळं रंगवून. आयुष्यभर मोजून बोललेला माणूस संध्याकाळभर बोलत बसायचा. आई पडद्याकडे न बघता त्यांच्याकडेच बघत ऐकायची. मी एरवी चिडायचे तशी इथेही चिडायचे, कारण मला हे खोटं वाटायचं. पण त्या वेळी उठून आत जावंसंही वाटायचं नाही.

एकदा ती तेच तेच विचारायला लागली तेव्हा बाबा वैतागले. "अगं, कान फुटले का तुझे?"

"कमीच येतं जरा," आई म्हणाली.

बाबांनी तिच्याकडे निरखून बघितलं. रात्री जेवणानंतर त्यांनी माझ्या खांद्याला हात लावला, मला उजेडात ओढलं आणि त्यांना वाटलं ते हळू आवाजात, म्हणजे चार घरांना ऐकू जाईल असं, म्हणाले, "आईचे कान गेलेत. कांड्यांच्या खात्यात होती ना ती. लाजते, सांगत न्हाय. तू डॉक्टरला दाखव."

आई आतून सगळं ऐकत होती. ती बाहेर आली आणि बाबांच्या समोर उभी राहिली. "जाते मी. पण एकटी न्हाय जायची. तुम्ही बरोबर चला."

कल्याणच्या डॉक्टरने आम्हा तिघांकडे बघून विचारलं, "पेशंट कोण?"

बाबांनी आईकडे बोट केलं. आईने बाबांकडे.

बाबांना वाटलं ती घाबरली. ते तिला धीर द्यायला काही बोलणार, तेवढ्यात तिने त्यांच्या खांद्याला हात लावला, चेहरा त्यांच्या समोर आणला आणि कारखान्यात बोलायची तशी, आवाज न काढता, नुसत्या ओठांनी म्हणाली, "आधी तुम्ही."

त्यांनी ते तिच्या ओठांवर वाचलं. मग उठले आणि डॉक्टरसमोरच्या खुर्चीत जाऊन बसले.