ओव्हरटेक करायचं नाही म्हणजे नाही

हसायचं नाही हं, आधीच सांगून ठेवते. गोष्ट एका अंत्ययात्रेची आहे. आणि त्या अंत्ययात्रेची जी काही वाट लागली, ती मी लावली. दुसऱ्या कोणाकडे बोट दाखवायची सोय नाही.

सुहास, म्हणजे माझा नवरा, जर्मनीत वोल्फ्सबुर्गला गाड्यांच्या कारखान्यात. घरी बसून मला कंटाळा आला, म्हणून मी गावाबाहेरच्या वृद्धांच्या वसाहतीत नोकरी धरली. बुटकी बुटकी घरं, मधून अरुंद रस्ते आणि आत मोटारींना बंदी. आजी-आजोबा आपापल्या बॅटरीच्या छोट्या गाड्यांवरून फिरतात. ज्यांना ते जमत नाही त्यांना मी गोल्फ कार्टमधून न्यायचं. डॉक्टरकडे, केस कापायला, कबरस्तानाशेजारच्या चॅपलमध्ये. पुण्यात जन्मभर स्कूटर चालवलेली बाई मी! म्हटलं, हा तर डाव्या हातचा मळ.

पहिल्याच आठवड्यात तक्रारी! व्यवस्थापक फ्राऊ टीले, म्हणजे टीलेबाई, त्यांनी ऑफिसात बोलावून घेतलं.

"फ्राऊ नाईक, आपल्याकडे श्रिटगेश्विंडिशकाइट असते."

म्हणजे माणूस चालेल तेवढाच वेग. अहो, हा शब्द उच्चारून होईपर्यंत माणूस कोपऱ्यावर पोचतो!

"आणि ओव्हरटेक शक्यतो नाहीच. करायचंच झालं तर आधी घंटी, मग नमस्कार, मग थांबून विचारायचं, पुढे जाऊ का म्हणून. इथे कोणाला मागे पडलेलं आवडत नाही."

"गेनाऊ," म्हणजे अगदी बरोबर, असं मी मान खाली घालून म्हटलं. त्या दिवशी शपथ घेतली, पुढे कासव असलं तरी त्याच्या मागूनच जायचं.

तक्रारींच्या बाबतीत वसाहतीत मला एकच जोडीदार होता, हाइन्झ बेरेन्स. आयुष्यभर कारखान्याच्या ट्रॅकवर नव्या गाड्या पळवून बघण्याचं काम केलेला माणूस. ऐंशीच्या पुढे गेला तरी बॅटरीची गाडी अशी काढायचा की बागेतल्या बायका कुत्री उचलून घ्यायच्या. मी दिसले की डोळा मारायचा. हे बेरेन्स आजोबा शरद ऋतूतल्या एका सकाळी उठलेच नाहीत. मला फार वाईट वाटलं. खरंच, घरचं कोणी गेल्यासारखं.

दहन आधीच झालं होतं. अंत्ययात्रेच्या दिवशी अस्थींचा कलश पुरायचा होता. बेरेन्स आजींना चॅपलला न्यायचं काम माझ्याकडे. (तोंडावर फ्राऊ बेरेन्स म्हणते हो, मनात आजीच.) आणि इथे कबरस्तानातली वेळ म्हणजे वेळ. तुम्ही उशिरा पोचलात तर पुढची मंडळी काळे कपडे घालून दारात उभी.

आता एक सांगते. माझे बाबा गेले तेव्हा मी इथे होते. तिकीट मिळून घरी पोचेपर्यंत सगळं उरकलं होतं. दादाच्या मित्रानं फोनवर दाखवलं तेवढंच. पुढे दादा मडकं घेऊन, मागे बाबा, मग चित्रच अडकलं. तेव्हा मी मनाशी म्हटलं, आपलं राहिलं ते राहिलं, पण या आजींना वेळेवर पोचवायचं. शेवटचा निरोप चुकता कामा नये.

आजींचा गुडघा वाकत नाही, म्हणून त्या कार्टच्या मागच्या सीटवर, पाय लांब करून, मागे तोंड करून बसायच्या. तशाच बसल्या. मी हळूच गाडी काढली.

तेवढ्यात शेजारच्या घरातून लांगे आजोबा आपली गाडी घेऊन आमच्या पुढे आले. काळा कोट, काळी टोपी. पुढच्या टोपलीत गोल, उंच असं काहीतरी, वरून काळं कापड झाकलेलं. आणि एक हात त्यावर धरून इतके हळू, इतके जपून चाललेले!

माझ्या अंगावर काटा आला. लांगे म्हणजे हाइन्झचे जिवलग मित्र. मी म्हटलं, कलश यांच्याकडे दिलेला दिसतोय. आपल्याकडे मडकं धरणारा पुढे नाही का चालत? तसंच.

आता मला सांगा, मडकं धरलेल्या माणसाला कोणी ओव्हरटेक करतं का?

मी मागे राहिले. वसाहतीतली इतर मंडळीही चॅपलला निघालीच होती. विधवेच्या गाडीच्या पुढे कोण जाणार? एकेक गाडी आमच्या मागे लागत गेली.

"फ्राऊ नाईक, किती माणसं आलीयत हो मागे," आजींचा आवाज ओला झाला. "पण इतकं हळू का चाललोय?"

"असंच असतं, आजी," मी चक्क मराठीत म्हटलं.

लांगे आजोबांनी मागे वळून पाहिलं आणि दचकले. हातानं खूण केली, जा पुढे. मी हात जोडून मान हलवली. ते गाडी घेऊन गवतावर सरकले. मीही गवतावर सरकले. माझ्या मागे अख्खी रांग शिस्तीत गवतावर! ते पुन्हा रस्त्यावर आले, आम्ही पुन्हा रस्त्यावर. मग त्यांनी वेग वाढवला. मला वाटलं, दुःख अनावर झालंय बिचाऱ्यांना. मीही वाढवला.

फाट्यावर चॅपल उजवीकडे. आजोबा वळले डावीकडे.

इथे तरी डोकं चालवायचं ना? चालवलं की! म्हटलं, आपल्याकडे वाटेत विसावा देतात, तसं यांचंही काहीतरी असेल. बायकांनी कुठे हे सगळं जवळून पाहिलेलं असतं? आम्ही आपल्या दारापर्यंत. वळले डावीकडे.

कुंपणाच्या मागे आजोबा थांबले. मी थांबले. सगळे थांबले. आजोबा आमच्याकडे पाठ करून उतरले, कापड बाजूला केलं, आत हात घातला, आणि...

खळ्ळ!

मडकं फुटलं! माझे हात आपोआप जोडले गेले, डोळे मिटले. मागे टोप्या उतरल्याची सळसळ ऐकू आली.

खळ्ळ! पुन्हा. खळ्ळ!

आपल्याकडे मडकं एकदाच फुटतं. मी एक डोळा उघडला. समोर काच टाकायचे तीन मोठे लोखंडी डबे. पांढऱ्या काचेचा, हिरव्या काचेचा, तपकिरी काचेचा. आणि आजोबांच्या टोपलीत बादलीभर रिकाम्या बाटल्या.

आजोबा वळले ते लालबुंद होऊन. "काय हो, फ्राऊ नाईक! सगळी वसाहत घेऊन आलात माझ्या बाटल्या बघायला? बघा! आणि मी एकटाच पीत नाही, यातल्या अर्ध्याअधिक हाइन्झच्या आहेत!"

बोलून गेले आणि मग त्यांना मागच्या सीटवरून उतरणाऱ्या बेरेन्स आजी दिसल्या.

"हाइन्झच्या?" आजी म्हणाल्या.

"एल्के... डॉक्टरनं त्याला बंद केली होती ना. माझ्याकडे ठेवायचा. म्हटलं, आज तू घरी परत यायच्या आत टाकून याव्यात."

"मला वाटायचं, तुम्ही बुद्धिबळ खेळता."

"खेळायचो की. खेळता खेळता."

मला वाटलं, आता धरणी दुभंगावी आणि कार्टसकट मला पोटात घ्यावं. आजींनी बादलीतली एक बाटली उचलली, तिच्याकडे बराच वेळ पाहिलं आणि लंगडत हिरव्या डब्याकडे निघाल्या.

"एल्के," लांगे हळूच म्हणाले, "ती तपकिरी आहे."

आजी वळल्या. तपकिरी डब्यापाशी गेल्या आणि अशी आदळली ती बाटली! मग त्या डब्याला धरून रडल्या. नवरा गेल्यापासून बाईच्या डोळ्यांतून टिपूस आलं नव्हतं हो. मीही रडले. लांगेही रडले. पाहता पाहता मागची रांगही नाक पुसायला लागली.

आणि चॅपलची घंटा वाजली.

मी आजींचा हात धरला. "फ्राऊ बेरेन्स, मला वाटलं बादलीत कलश आहे!"

"कलश? कलश सकाळपासून चॅपलमध्ये आहे!" डोळे पुसत आजी सीटवर चढल्या. "चालवा!"

"पण श्रिटगेश्विं..."

"फ्राऊ नाईक, चालवा!"

मग काय! गाडी गर्रकन वळवली आणि त्या चिंचोळ्या रस्त्यावरून अख्खी रांग ओव्हरटेक केली. घंटी, नमस्कार, घंटी, नमस्कार. थांबून विचारणं मात्र राहिलं. रांगेच्या शेवटी फ्राऊ टीले होत्या. त्यांनाही नमस्कार केला.

दारात पाद्रीबाबा घड्याळाकडे बघत उभे होते. पुढची मंडळी फाटकापाशी आलीच होती. प्रवचन निम्मं कापावं लागलं, गाणं एकच झालं. पण कलश खाली उतरला तेव्हा आजी तिथे होत्या. स्वतःच्या हातानं फुलं टाकली त्यांनी. मी लांब उभी राहून पाहिलं आणि मला बाबा आठवले. पोचवलं बाई एकदाचं, एवढंच मनात आलं.

नंतर केक-कॉफीला मी माफी मागायला गेले. शब्द जुळवत होते, तोच आजींनी माझा हात हातात घेतला.

"मी फ्राऊ टीलेंना आत्ताच सांगून टाकलंय. माझी वेळ येईल तेव्हा मला न्यायला तुम्हीच. दुसरं कोणी नको."

मला भरूनच आलं. एवढा घोळ घालूनही एवढा विश्वास!

"विश्वास कसला?" आजी केकचा तुकडा मोडत म्हणाल्या. "तुम्ही चालवायला असलात, की पोचायला उशीर होणार याची खात्री असते."