फरशीखालची घोरपड

आमच्या बाथरूममध्ये घोरपड निघाली, ही बातमी सिडकोपासून सिल्लोडपर्यंत पसरली ती माझ्याच तोंडून. अण्णा, म्हणजे माझे वडील, तिला बघून दचकले आणि पडले, असं मी भेटेल त्याला सांगायचो. पहिल्या दिवशी ती दीड फुटाची होती. तिसऱ्या दिवशी तिनं साबणाची वडी गिळली होती.

खरं एवढंच होतं की अण्णांच्या पायाखालची एक फरशी सुटली, सरकली, आणि त्यांचं खुब्याचं हाड मोडलं. ती फरशी चार वर्षांपूर्वी मीच बसवून घेतली होती. दिवाळी तोंडावर होती. खालची जुनी शहाबादी गुळगुळीत झालीय, तिला टाचे मारून खरबरीत केल्याशिवाय सिमेंटचा माल धरणार नाही, असं तेव्हाचा कारागीर सांगत होता. मी म्हणालो, "वरच्यावर चिकटव. कोण बघतंय?"

आता डॉक्टरांनी बजावलं होतं, "यावेळी उभं केलंय. पुन्हा पडले तर माझ्याही हातात काही नाही."

तेव्हापासून मला खुर्ची चावायला लागली. जेवायला बसलो की दुसऱ्या घासाला उठायचो. चालून चालून घरातल्या घरात मी फर्दापूरला जाऊन आलो असेन, तेही दोनदा.

नवा मिस्तरी सिल्लोडकडचा. त्याचे भाऊ अजून मेंढरं घेऊन फिरतात, हा छन्नी-हातोडा घेऊन. त्यानं बाथरूमची पहिली फरशी उचलली. उचलली कसली, नखानं निघाली. उलटी केली तर पाठ कोरी करकरीत.

"साहेब, हिला खालून कायबी धरलं नाय. ताटलीवानी निघाली. कुणी बसवली?"

"होता कुणीतरी जालन्याचा."

"लई घाई दिसती त्याला."

मी विषय बदलला. "किती दिवस लागतील?"

"फरशी बसायला धा."

"अहो, अण्णा सहाव्या दिवशी घरी येतायत!"

"येऊ द्या की. घर त्यांचंच हाय."

मग छन्नी सुरू झाली. देवीच्या वणांसारखे त्यानं इतके दाट टाचे मारले की मुंगीला पाय ठेवायला सपाट जागा उरली नाही. धूळ अशी उठली की त्या दिवशी दौलताबादचा किल्ला दिसला नाही म्हणतात. नंतर तारेच्या ब्रशनं चार वर्षांचा साबणाचा मेणचट थर खरवडला. खरवडून झाल्यावर म्हणाला, "आता पाणी आणा. तहानलेली जमीन मालातलं पाणी पिऊन घेती, मंग माल धरत नाय."

आमच्या नळाला पाणी दर आठव्या दिवशी, आणि तो दिवस अजून लांब. शेजाऱ्यापाजाऱ्यांकडून बादल्या आणल्या. घरात माणशी एक तांब्या आणि जमिनीला म्हशीसारखं पोटभर. त्यावर मिस्तरीनं मोरीकडं ढाळ देऊन मालाचा नवा थर घातला, ओली पोती अंथरली आणि दाराला दोरी बांधली. मेंढरं कोंडायच्या जाळीला, वाघराला मारतात तसली गाठ.

"ही सोडायची नाय. थर मुरू द्या."

मी गाठ सोडली नाही. दोरीखालून वाकून दिवसात सोळा वेळा बोट लावून बघायचो. सतराव्या वेळी बायकोनं शर्ट धरून मागं ओढलं. "अहो, ते थालीपीठ हाय का, उलटून बघायला?"

सहाव्या दिवशी अण्णा आले, वॉकरवर. आयुष्यभर एसटी चालवलेला माणूस. अजिंठ्याचा घाट त्यांना बघून सरळ व्हायचा, असं मी सांगत आलोय. तो माणूस बाहेरच्या खोलीत पलंगावर, आणि मी ओल्या टॉवेलानं त्यांची पाठ पुसतोय. ते भिंतीकडं तोंड करून बसायचे.

"झालं का रं तुझं बाथरूम?" दर तासाला. आठव्या दिवशी स्फोट झाला. "बसव म्हणावं आज! माणूस धुतोयस का टेबल पुसतोयस?"

मिस्तरी दारात उभा होता. त्यानं माझ्याकडं पाहिलं. माझ्या जिभेवर 'बसवून टाका' तयार होतं, नुसतं तोंड उघडायचा अवकाश.

"नाही अण्णा," मी म्हणालो. "अजून दोन दिवस."

कोण बोललं ते बघायला बायको लाटणं घेऊन बाहेर आली.

दहाव्या दिवशी फरशी बसली. पुढं दोन दिवस दोरी तशीच. बाराव्या दिवशी मिस्तरीनं गाठ सोडली आणि अण्णा वॉकर टेकत दारात आले. गाडी काढण्याआधी प्रत्येक टायरावर टॉमीचा लोखंडी दांडा मारून आवाजावरून हवा ओळखायची, ही त्यांची जुनी सवय. त्यांनी वॉकरचा पाय पहिल्या फरशीवर आपटला. टक. दुसरीवर. टक. मिस्तरी आजारी मेंढीच्या पोटाला लावावा तसा कान लावून बसला होता. शेवटच्या कोपऱ्यात, जिथं ते पडले होते, तिथं त्यांनी तीनदा आपटला. कुठंच पोकळ वाजलं नाही.

"हवा बरोबर हाय," अण्णा म्हणाले. मग माझ्याकडं न बघता, "मागल्या टायमाला टाचे मारले होते का रं?"

"नाही."

"का?"

"दिवाळी होती."

मिस्तरी अवजारं पुसता पुसता म्हणाला, "म्हंजी जालन्याचा माणूस ह्योच व्हय!"

अण्णा हसले नाहीत. "दवाखान्यात लोक घोरपडीचं विचारायचे. मी चार हात लांब सांगितली. तू केवढी सांगितलीस?"

"दीड फूट."

"हात्तिच्या," म्हणाले आणि आत गेले.

"कडी तेवढी लावू नका, अण्णा."

कडी लागली.

मी दाराबाहेर येरझारा घालायला लागलो. आत तांब्यानं पाणी पडत होतं. पडत होतं तोवर ठीक. थांबलं की माझा हात दाराकडं जायचा.

"बसा की जरा," बायको म्हणाली.

पुन्हा पाणी थांबलं. या वेळी बराच वेळ. मी दाराला कान लावला.

"फटीतून पाय दिसतेत तुझे," आतून आवाज आला. "हो तिकडं."